एकच मासा, निरनिराळी घडण

गेल्या वर्षीं पावसाळा सरतां सरतां इयत्ता नववींतील एक विद्यार्थी दोन बाटल्या घेऊन विज्ञानाच्या तासास आला. दोन्ही बाटल्यांत गप्पी मासे होते. डांसांच्या अळ्या नाहींशा व्हाव्यात म्हणून हौदांत व डबक्यांत जे इवलेसे मासे सोडतात, तेच हे. एका बाटलींतील मासे त्यानें गांवच्या हौदांतून धरले होते व दुसरींतील ओढ्याच्या डोहांतून. डोहांतील माद्या चांगल्या लांब व भरल्या अंगाच्या होत्या; हौदांतील माद्या त्यांच्यापुढें अगदींच किरकोळ दिसत होत्या. "सर, ह्या दोन जाती आहेत काय?" असें त्यानें विचारलें. "जात एकच. एकीला खावयास पुष्कळ मिळालें, दुसरीला कमी मिळालें, इतकेंच," असें मीं उत्तर दिलें. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पण सर, हें आपणांस कशावरून समजलें?" वर्गांत थोडा हशा पिकला. मीं त्याला खालीं बसावयास सांगितलें आणि पुढचा धडा सुरू केला.

त्या दिवशीं घरीं जातांना माझें मन मला खाऊं लागलें. माझें उत्तर कदाचित् बरोबर असेल, कदाचित् चुकीचेंहि असेल. पण तें मला ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक असल्यासारखें मीं सांगितलें होतें. शिक्षकाच्या हातून घडणारी ही चूक लहान नव्हे. पुढें ह्या विषयावरील वाचन करूं लागलों, तेव्हां कळून आलें कीं, त्या मुलाचा प्रश्न मोठा मार्मिक होता व त्याच प्रश्नाच्या मागें शास्त्रज्ञांनीं आपलीं वर्षेंच्या वर्षें घालविलीं आहेत. त्या दिवशीं द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर ह्या लेखांत देण्याचें योजिलें आहे.

प्रथम मापाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. माशाची घडण केवळ शब्दांनीं सांगूं गेल्यास प्रत्येकाचें मत निराळें पडतें. एकाच्या डोळ्यास जो मासा भरलेला वाटेल तोच दुसऱ्यास बेताचा वाटेल. म्हणून शास्त्रज्ञ मापाचा आधार घेतात. तोंडाच्या टोंकापासून शेपटीचा पर जेथून फुटतो तेथपर्यंतचें अंतर ही माशाची लांबी. आणि पाठीपासून पोटापर्यंतचें सर्वांत मोठें अंतर ही त्याच्या अंगाची उंची. शेपटीचा पर मापांत धरीत नाहींत, कारण तो झिजतो व फाटतो. समजा, दोन माशांची लांबी प्रत्येकीं २० सेंटिमीटर आहे; एकाची उंची ६ सेंटिमीटर व दुसऱ्याची ८ सेंटिमीटर भरली. म्हणजे पहिल्याची उंची लांबीच्या शेंकडा ३० व दुसऱ्याची शेंकडा ४० झाली. पहिला सडपातळ, दुसरा उंच अंगाचा. बोंबील आणि पापलेट हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे ह्या दोन शब्दांचा अर्थ चटकन् ध्यानांत येईल. मात्र ते दोन सर्वस्वी भिन्न जातींचे मासे आहेत. आपला प्रश्न एकाच जातींतील माशांविषयीं आहे.

वाढ मोजावयाची तर लांबीबरोबर वयहि कळलें पाहिजे. माशाच्या खवल्यावर भिंगांतून पाहिलें असतां वर्तुळें दिसतात. ज्या देशांत हिवाळा कडक असतो तेथें थंडींत मासा फारच थोडा वाढतो, म्हणून तेवढीं वर्तुळें दाट पडतात; आणि झाडाच्या बुंध्यांतील वलयांवरून झाडाचें वय सांगावें, तसें त्यांवरून माशाचें वय सांगतां येतें. माशाच्या डोक्यांत, कानाच्या पोकळींत, चुनखडीचे लहानसे खडे असतात. त्यांवरहि अशींच वलयें उमटतात. आणखी एक सावधगिरी अवश्य आहे. मासा वाढतांना त्याची घडणहि पालटते. मादीच्या पोटांत अंडीं भरलीं म्हणजे तिचें अंग फुगतें. म्हणून लहानाशीं मोठा, नराशीं मादी किंवा रिकाम्या मादीशीं भरलेली मादी अशी तुलना केली, तर मापें अचूक असूनहि निष्कर्ष खोटा ठरेल.

अशीं मापें चिकाटीनें घेतलीं म्हणजे काय लाभ होतो, ह्याचें जुनें उदाहरण जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख हाइन्के ह्यांचें आहे. उत्तर युरोपांत हेरिंग माशावर लक्षावधि लोकांचा चरितार्थ चालत असे. हेरिंगचा एकच प्रचंड थवा उत्तर ध्रुवाकडील समुद्रांतून दर वर्षीं खालीं येतो व निरनिराळ्या किनाऱ्यांस वांटला जातो, असा पूर्वीं समज होता. हाइन्के ह्यांनीं हजारों हेरिंग घेऊन त्यांच्या अंगाचीं मापें घेतलीं, पाठीच्या कण्याचे मणके मोजले, परांतील कांटे मोजले. १८९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, हा एक थवा नव्हे. प्रत्येक भागाचा हेरिंग निराळा आहे, त्याची अंडीं घालण्याची जागा निराळी व ऋतुहि निराळा. एका मासळीवरून हें ओळखतां येत नाहीं. पुष्कळ मासळीची सरासरी काढली म्हणजेच तें दिसूं लागतें.

परंतु फरक आहे एवढें कळलें म्हणजे तो कां आहे हें कळलें असें होत नाहीं. येथेंच त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा गाभा आहे. दोन ठिकाणचे मासे निराळे दिसतात, ह्याचीं मुख्यतः दोन कारणें संभवतात. एक परिस्थिति: पाणी, उष्णता, खाद्य, शत्रु व गर्दी. दुसरें आनुवंशिकता, म्हणजे आईबापांकडून उपजतच मिळालेला गुण. दोन्ही कारणें एकाच वेळीं काम करीत असतील असेंहि होतें. नुसतें पाहून ह्यांचा निवाडा करतां येत नाहीं. त्यास उपाय एकच: दोन्ही ठिकाणचे मासे एकाच प्रकारच्या पाण्यांत, एकाच खाद्यावर, एकाच उष्णमानांत वाढवावयाचे. फरक नाहींसा झाला तर तो परिस्थितीचा होता. टिकून राहिला तर तो रक्तांतला आहे. आतां तीन उदाहरणें पाहूं. तिन्हींचीं उत्तरें निरनिराळीं आहेत.

पहिलें उदाहरण युरोपांतील क्रूशन कार्प ह्या गोड्या पाण्यांतील माशाचें. आपले रोहू, कटला व मृगल ज्या कुळांतले त्याच कुळांतला हा मासा. लहान तळ्यांत, जेथें दुसरे मासे नसतात, तेथें ह्याची संख्या अतोनात वाढते आणि मासे लहान व सडपातळ राहतात. पण ज्या सरोवरांत पाइक नांवाचा मांसाहारी मासा असतो, तेथें हाच कार्प थाळीसारखा उंच अंगाचा व मोठा होतो. हीं दोन रूपें इतकीं भिन्न दिसतात कीं, जुन्या अभ्यासकांपैकीं कांहींनीं त्या दोन जातीच मानिल्या होत्या. क्रिस्टर ब्रोनमार्क व जेफ्री मायनर ह्या शास्त्रज्ञांनीं स्वीडनमध्यें ह्यावर प्रयोग करून १९९२ सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांनीं एका तळ्याचे पडदे लावून भाग पाडले. सर्व भागांत सारखेच कार्प सोडले, आणि कांहीं भागांतच पाइक ठेवले. कांहीं आठवड्यांतच पाइकच्या शेजारीं राहिलेल्या कार्पांचें अंग उंच झालें. मासे तेच, आईबाप तेच. घडण मात्र पालटली.

येथें एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, "पाइकनें बरेचसे कार्प खाल्ले असतील, उरलेल्यांस अधिक खाद्य मिळालें व ते फुगले." शंका योग्य आहे. म्हणून पुढील प्रयोगांत पाइकला कार्पापर्यंत पोंचूंच न देतां केवळ त्याचें पाणी कार्पांच्या टांकींत सोडण्यांत आलें. तेव्हां असें दिसलें कीं, मासे खाणाऱ्या पाइकच्या पाण्याचा नुसता वास लागला तरी कार्पाचें अंग उंच होऊं लागतें. पाइकला अळ्यांवर ठेवलें असेल तर होत नाहीं. ह्याचा उपयोग उघड आहे. पाइक आपलें भक्ष्य सबंध गिळतो, आणि जें त्याच्या जबड्यांत मावत नाहीं तें त्याला गिळतां येत नाहीं. मग हा कार्प नेहमींच उंच अंगाचा कां राहत नाहीं? कारण उंच अंगानें पाणी कापण्यास श्रम अधिक पडतात. जेथें शत्रु नाहीं तेथें तो भार वाहण्यांत अर्थ नाहीं. तेव्हां येथील फरक परिस्थितीचा आहे. परंतु परिस्थिति ओळखून घडण पालटण्याची शक्ति मात्र त्याला उपजतच लाभलेली आहे.

दुसरें उदाहरण ह्याच्या अगदीं उलट आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, दक्षिणेस फ्लॉरिडापासून उत्तरेस कॅनडापर्यंत, सिल्व्हरसाइड नांवाचा बोटाएवढा मासा सांपडतो. त्याच्या कुशीवर रुपेरी पट्टा असतो. बहुतेक मासे एकच वर्ष जगतात. दक्षिणेकडे पाणी दीर्घकाळ ऊबदार असतें; उत्तरेकडे उन्हाळा आंखूड. दक्षिणेकडील वाढीचा काळ उत्तरेकडील काळाच्या सुमारें अडीचपट असतो. तेव्हां उत्तरेचे मासे पुष्कळच लहान असावेत असें आपणांस वाटेल. पण हंगामाच्या शेवटीं मापें घेतलीं तर दोन्हीकडील मासे जवळजवळ सारखेच भरतात! वरवर पाहणारा म्हणेल, "येथें फरकच नाहीं, अभ्यास कशाचा करावयाचा?"

डेव्हिड कॉनोव्हर व त्यांच्या सहकारी प्रेझेंट ह्यांनीं निरनिराळ्या अक्षांशांवरील माशांचीं अंडीं आणून पिलें एकाच प्रकारच्या पाण्यांत व पोटभर खाद्यावर वाढविलीं. हा अभ्यास १९९० सालीं प्रसिद्ध झाला. सारखी परिस्थिति मिळतांच उत्तरेकडील पिलें दक्षिणेकडील पिलांहून कितीतरी झपाट्यानें वाढूं लागलीं. म्हणजे निसर्गांत जें सारखेपण दिसत होतें, त्याच्या पोटीं रक्तांतला मोठा फरक दडलेला होता. उत्तरेच्या थंडीनें वाढ मागें ओढावी आणि उपजत वेगानें ती पुढें ढकलावी, अशी ही झटापट. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र दोर जागच्या जागीं दिसतो.

उत्तरेकडे हा वेग कां आला? तेथील हिवाळ्यांत लहान राहिलेलीं पिलें अधिक मरतात. अंगांत पुरेसा साठा करून जीं मोठीं झालीं तींच वसंत ऋतु पाहतात. असें पिढ्यान् पिढ्या चाललें म्हणजे झपाट्यानें वाढणाऱ्यांचीच संतति मागें राहते. मग दक्षिणेच्या माशानें हाच वेग कां धरूं नये? त्याचेंहि उत्तर प्रयोगांनीं मिळालें आहे. जो मासा अधाशासारखा खाऊन भरभर वाढतो तो पोहण्यांत मंद पडतो व शिकारी माशांच्या तोंडीं लवकर सांपडतो. वेगाची किंमत द्यावी लागते. जेथें हिवाळ्याचें भय मोठें तेथें ती परवडते, जेथें तें नाहीं तेथें परवडत नाहीं.

तिसरें उदाहरण आपल्या गप्पीचें. ह्या माशाचें मूळ घर आपला देश नव्हे. व्हेनेझुएला, त्रिनिदाद बेट व त्यांच्या आसपासचा दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, हें त्याचें माहेर. त्रिनिदाद येथील रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी ह्या गृहस्थांनीं हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमकडे पाठविले, आणि १८६६ सालीं त्यांचें नांव ह्या माशास मिळालें. गप्पा मारण्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, हें वर्गांतील कित्येकांस ऐकून आश्चर्य वाटेल. डांसांच्या अळ्या खातो ह्या गुणामुळें तो देशोदेशीं नेला गेला व आपल्या गांवच्या हौदांतहि येऊन पोंचला.

त्रिनिदादच्या उत्तरेकडील डोंगरांतून अनेक ओढे वाहतात व त्यांवर ठिकठिकाणीं धबधबे आहेत. धबधब्याच्या खालीं पाइक-सिक्लिड नांवाचा मोठा शिकारी मासा असतो. तो मोठे गप्पी गिळतो. धबधबा चढून त्याला वर जातां येत नाहीं. वरच्या पाण्यांत रिव्ह्युलस नांवाचा एक लहान मासा तेवढा असतो व तो गप्पी खाल्लाच तर बहुधा लहान पिलूं खातो. एकाच ओढ्याच्या ह्या दोन भागांतील गप्पी निरनिराळे आहेत. खालचे गप्पी लवकर, लहान असतांनाच, वयांत येतात व पुष्कळ पण बारीक पिलें देतात. वरचे उशिरां, अधिक मोठे झाल्यावर, वयांत येतात व थोडीं पण मोठीं पिलें देतात. जेथें मोठेपणीं मरण ठरलेलें आहे तेथें उशीर करून भागत नाहीं. जेथें लहानपणींच काय तें भय आहे तेथें पिलूं मोठें जन्मलेलें बरें.

हा फरक उपजत आहे हें ठरविण्यासाठीं दोन्हीकडील गप्पी प्रयोगशाळेंत सारख्या परिस्थितींत दोन पिढ्या वाढविण्यांत आले. फरक टिकून राहिला. ह्याहून धीट प्रयोग जॉन एन्डलर ह्यांनीं १९७६ सालीं केला. त्यांनीं शिकारी मासे असलेल्या पाण्यांतील गप्पी उचलून, जेथें पाइक-सिक्लिड नाहीं व पूर्वीं गप्पीहि नव्हते अशा एका उपओढ्यांत सोडले. पुढें डेव्हिड रेझ्निक व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्यांच्या वंशजांची तपासणी केली. अकरा वर्षांत, म्हणजे गप्पींच्या ३० ते ६० पिढ्यांत, ते मासे वरच्या पाण्यांतील माशांसारखे झाले होते: उशिरां व मोठे होऊन वयांत येणारे, थोडीं पण मोठीं पिलें देणारे. हा वृत्तान्त १९९० सालीं प्रसिद्ध झाला. परिस्थितीनें येथें एकेका माशाला घडविलें नाहीं. कोणाची संतति टिकावी व कोणाची टिकूं नये हें ठरवून तिनें सबंध वंश पालटला.

आतां कोणी पालक विचारतील कीं, ह्या परदेशच्या माशांचा आम्हांस उपयोग काय? त्यांच्यासाठीं आणखी एक प्रयोग सांगतों. कॉनोव्हर व स्टीफन मंच ह्यांनीं सिल्व्हरसाइड मासे टांक्यांत वाढवून प्रत्येक पिढींतील शेंकडा ९० मासे 'मासेमारी' म्हणून काढून घेतले. कांहीं टांक्यांतून सर्वांत मोठे काढले, कांहींतून सर्वांत लहान, कांहींतून सरसकट. उरलेल्यांपासून पुढील पिढी घेतली. मोठे काढले तेथें आरंभीं वजन भरपूर मिळालें. पण चार पिढ्यांत तेथील मासे उपजतच सावकाश वाढणारे झाले. जेथें लहान काढले होते तेथील धरलेल्या माशाचें सरासरी वजन त्यांच्या जवळजवळ दुप्पट भरूं लागलें. १९६० वा १९७० च्या दशकांतील म्हाताऱ्या कोळ्याच्या तोंडची ही तक्रार नव्हे, तर तराजूवर तोलून २००२ सालीं प्रसिद्ध झालेला हिशेब आहे. पुढें अशी निवड थांबवून पाहिलें तेव्हां वाढ सुधारूं लागली, परंतु फार हळूहळू. जें चार पिढ्यांत गमावलें तें तितक्याच पिढ्यांत परत येत नाहीं.

समुद्र म्हणजे टांकी नव्हे, हें खरें. तरी विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, जाळें हाहि एक शिकारी आहे, आणि पाइक-सिक्लिडप्रमाणें तोहि निवड करतो. पिलें जाळ्यांतून सुटलीं म्हणजे झालें, असें मानून पुरत नाहीं. झपाट्यानें वाढून मोठे झालेल्यांपैकींहि कांहीं पाण्यांत राहिले पाहिजेत. कारण उद्यांच्या मासळीची वाढ त्यांच्या रक्तांत आहे. आपल्या शाळेंतील ज्या मुलांच्या घरचा व्यवसाय होडीचा व जाळ्याचा आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

माशांवरून मुलांविषयीं सिद्धान्त काढणें बरें नव्हे, हें मी जाणतों. परंतु सिल्व्हरसाइडचें उदाहरण वाचल्यापासून मी माझ्या एका संवयीस मुरड घातली आहे. वर्षाच्या शेवटीं दोन मुलांचे गुण सारखे पडले म्हणजे दोघांची धांव सारखीच झाली असें मी समजत असें. एकाचा उन्हाळा लांब असतो व दुसऱ्याचा आंखूड, हें गुणपत्रिकेंत दिसत नाहीं.

शेवटीं त्या दोन बाटल्यांकडे वळूं. डोहांतील गप्पी मोठे कां? डोहांत गर्दी कमी व खाद्य अधिक असेल, म्हणूनहि असतील. किंवा दोन पाण्यांतील वंशच आतां निराळे पडूं लागले असतील. किंवा दोन्ही कारणें असतील. हें बाटलीकडे पाहून सांगतां येत नाहीं, आणि मीं तें पाहून सांगितलें हीच माझी चूक होती. तें मीं पुढच्याच आठवड्यांत वर्गापुढें कबूल केलें. त्यानंतर प्रयोगशाळेच्या मागील ओट्यावर आम्हीं दोन सारख्या टांक्या मांडल्या: एकींत हौदाचे गप्पी, दुसरींत डोहाचे, संख्या सारखी, पाणी सारखें, खाद्य तोलून दिलेलें. पहिल्या पिलांवरून निर्णय द्यावयाचा नाहीं, कारण आईच्या अंगावरील पोषणाचा परिणाम पिलांत उतरतो. त्या पिलांना सारख्या स्थितींत वाढवून त्यांचीं पिलें जन्मलीं, म्हणजे मापें घ्यावयाचीं.

टांक्यांची नोंदवही तोच विद्यार्थी ठेवतो. आजपर्यंत दोन्ही टांक्यांत पहिली पिढी जन्मली आहे. दुसरी अद्याप जन्मावयाची आहे. परवां एका पाहुण्यांनीं टांक्या पाहून त्याला विचारलें, "काय रे, कोणते मासे मूळचेच मोठे?" त्यानें वही मिटली व उत्तर दिलें, "अजून ठाऊक नाहीं." मीं शेजारींच उभा होतों. एवढें उत्तर मला गेल्या वर्षीं देतां आलें नव्हतें.